इलाचं केळवण माझ्याकडे

शनिवार, १२ एप्रिल २०२५

ठरलं! इलाचं केळवण माझ्याकडे, दहा मेला. शुभा उगाच आढेवेढे घेत होती — "अगं, तुझ्याकडे काय, कधीही होईल." कधीही कसं होईल? सख्ख्या मैत्रिणीची मुलगी, माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली, आणि जूनमध्ये लग्न! शिवाय इथे सध्या केळवणांची नुसती झुंबड. पुण्याहून परवा आलेल्या राधिकानेसुद्धा इलाला जेवायला बोलावलंय. नव्या टाउनहाउसला अजून पडदे नाहीत, पण केळवण करायचंय!

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आलो तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. कुणी कुठून कढीपत्ता आणला की सगळ्यांना चार-चार पानं. आता माझ्या रस्त्यावर दर तिसऱ्या दाराला तोरण, आणि दिवाळीला शाळेचा हॉल पुरत नाही. गाव वाढलं. पण हळदीकुंकू कुणाकडे, डोहाळजेवण कधी, कोणी काय करून आणायचं — फोन अजून मलाच येतात.

बुधवार, १६ एप्रिल

मेनू पक्का. वडाभात, पाटवडी रस्सा, दोन कोशिंबिरी, पुरणपोळी. सांडगी मिरची खास नागपूरहून — माझ्या नवऱ्याचा, प्रल्हादचा भाचा येतोय, त्याच्या बॅगेत. ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे अंगठे आले.

गुरुवार, २४ एप्रिल

राधिकाचा फोन. "नीलांबरीताई, वीरला फीवर आहे, सो आमच्याकडचं केळवण कॅन्सल केलं." पोराला बरं वाटलं की पुढच्या आठवड्यात ठेव म्हटलं, तर हळूच — "बघते हं ताई." बघते काय! माझा मेनू वाचून हातपाय गळाले असणार.

रविवार, २७ एप्रिल

पद्मिनीनेही तिच्याकडचं केळवण रद्द केलं! तिला म्हणे ऑफिसच्या कामाला सांता क्लाराला जावं लागतंय. छान. आता मैदान मोकळं.

प्रल्हादला सांगितलं, तर म्हणतो, "तूही साधंच कर की. वरण-भात-लिंबू, संपलं." याला नागपूरचा म्हणायचं! जेवण आटोपल्यावरही काहीतरी बोलू का नको करत ओट्याशी घुटमळत होता. मी त्याला पुरणयंत्र शोधायला पाठवलं.

शनिवार, ३ मे

मिरच्या सुखरूप पोचल्या. एकही मोडली नाही!

शनिवार, १० मे

काय झालं केळवण! पाटाभोवती रांगोळी, हिरवी नारायणपेठी, औक्षण. देवांग बेलव्ह्यूहून येणार होता, पण त्याला जमलं नाही. कामं असतात, नंतर येतील जावईबापू. बायका एरवी नवरीला उखाण्यावरून किती छळतात! आज कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्या माना खाली घालून जेवत होत्या. मला वाटलं, पुरणपोळीच तशी जमलीय.

सगळे गेले. शुभा सतरंज्या आवरत होती. उरलेल्या पोळ्या ठेवायला इला माझ्याबरोबर गॅरेजमधल्या फ्रिजपाशी आली, आणि डबा धरून उभीच राहिली.

"मावशी, लग्न होत नाहीये."

मी म्हटलं, तारीख पुढे गेली का?

"नो. होतच नाहीये. ईस्टरला आम्ही बोललो. ही इज अ गुड गाय, मावशी. पण लग्नाचा विचार केला की मला श्वास घेता येत नाही. मीच नाही म्हटलं."

"मग आज पाटावर कशाला बसलीस गं?"

"तुम्ही मिरच्या नागपूरहून मागवल्या होत्या."

मी तिच्या हातातला डबा काढून घेतला आणि तिला पोटाशी धरलं. खूप रडली पोर. मीही रडले. इतके दिवस एकटीने हे सोसत होती आणि मी तिला नथ घालून फोटो काढत होते! म्हटलं, काही काळजी करायची नाही. शुभाला मी सांगते.

"आय नो, मावशी, पण आईला —"

"पण नाही नि बिण नाही. आईला मी बघते."

ती काहीतरी म्हणत होती, पण मी तिचे डोळे पुसले आणि तिला आत पाठवलं.

सोमवार, १२ मे

प्रल्हाद नेहमी म्हणतो, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. बघ म्हणावं! परवापासून त्यालासुद्धा बोलले नाही.

शुभाचं बीपी आहे, तिला एकदम सांगून चालायचं नाही. बुधवारी तळ्याभोवती फिरायला नेते. आधी इकडचं तिकडचं, मग हळूच. ती रडेल, तिला रडू देईन. मग हॉलवाल्यांना फोन मी करीन, आणि ग्रुपवर माझाच एक मेसेज — इलाला कुणी काही विचारायचं नाही. माझ्या शब्दाबाहेर कुणी जाणार नाही. असल्या वेळी कुणीतरी खमकं लागतं घरात.

बुधवार, १४ मे

सांगितलं. शुभा चालायची थांबली, पण रडली नाही. इलाने तिला ईस्टरच्याच दिवशी सांगितलं होतं. हॉल तेव्हाच सोडला. राधिकाला माहीत होतं, पद्मिनीला माहीत होतं. माझ्या पंगतीला बसलेल्या प्रत्येकीला! प्रल्हादलासुद्धा.

"मग मलाच का नाही?"

"इला म्हणे, तू सांग. मी म्हणे, तूच सांग. राधिकालाही विचारलं, ती नकोच म्हणाली. प्रल्हादभावजी म्हणाले, मी तर मुळीच सांगणार नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "रागावू नकोस गं."

आतासुद्धा तिला पहिली काळजी तीच, मी रागावेन. चोवीस वर्षं मला वाटत होतं, ही माणसं माझं ऐकतात. घाबरतात मला.