उजव्या गुडघ्याची कबुली

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही, म्हणून लिहिते आहे. आज मी बत्तीस पायऱ्या चढले! मध्ये न थांबता, कठडा न धरता. वर पोचल्यावर इतका आनंद झाला की खाली उतरून पुन्हा चढले. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं, हिची किल्ली हरवली.

आठ आठवडे कुणाला पत्ता लागू न देता मी दवाखान्यात जात होते. डॉक्टरीणबाई गुडघ्याभोवतीच्या ठरावीक बिंदूंवर लेझरचं पेनासारखं यंत्र टेकवतात. ॲक्युपंक्चरच, पण सुई नाही. पहिल्या दिवशी मला काहीच जाणवलं नाही, तेव्हा मी विचारलं, हे चालू तरी आहे का? बाई म्हणाल्या, याने ठणका कमी व्हायला मदत होईल, पायात ताकद मात्र तुलाच आणायची आहे. म्हणजे व्यायाम. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा, एकाच पायरीवर चढउतार करायचा. पहिले दोन आठवडे मी चक्क दांडी मारली आणि रोज करते म्हणून थापा ठोकल्या. बाईंनी टेपने पुन्हा मांड्या मोजल्या. उजवी दोन सेंटिमीटरने बारीक होती, ती तशीच. माझं पितळ उघडं पडलं. तेव्हापासून मुकाट्याने करते.

एकदा त्यांनी विचारलं, कामाला बसतेस कशी? मी तिथेच उजवा गुडघा टेकून फरशी कशी बसवते ते दाखवलं आणि सवयीने त्यांची जमीन बोटाने वाजवली. चार फरश्या खालून पोकळ, माल नीट भरलेलाच नाही! तपासणी राहिली बाजूला, बाईही माझ्याबरोबर खाली बसून फरश्या वाजवायला लागल्या. तुम्ही असता तर सगळी खोलीच उखडायला काढली असती.

उठताना त्यांनी साधाच प्रश्न केला, "गुडघ्याखाली काही घेत होतीस का?" मी पुन्हा खाली बघून फरशी वाजवायला लागले.

बाबा, घर सोडताना मी म्हणाले होते, "तुमच्या धंद्यापायी चोविसाव्या वर्षी माझा गुडघा गेला." खरं वेगळंच होतं. फोम भरून शिवलेले पॅड तुम्ही रोज सकाळी माझ्या हातात द्यायचात. तुमची पाठ वळली की मी ते सिमेंटच्या पोत्यामागे लपवायचे, कारण बरोबरचे गवंडी मला म्हातारी म्हणून चिडवायचे. चूक माझी, आणि खापर फोडलं तुमच्यावर. काल काका म्हणाला की तुम्ही रविवारी सगळी हत्यारं त्याला देऊन टाकणार आहात, आपल्याच हाताने लेकीचं वाटोळं केलं म्हणता. देऊ नका, बाबा. बाईंनी हळूहळू कामाला लागायची परवानगी दिली आहे. मी शनिवारी येते. सोमवारी मला कामावर घ्या, आणि पॅड तुमच्या हातानेच बांधा.

तुमचीच,
धाकटी