शैतानाला मारलेला दगड

ओमान, २००३

अम्मी, तुझ्या इनायतचा दुरूनच सलाम.

तब्येत ठणठणीत हाय. परवा वाळवंटात गाडी रुतली होती, पण पाणी पुरलं, ते सोड.

आकाशातून पडलेले दगड शोधणाऱ्या साहेबांचा मी ड्रायव्हर. काल मात्र दगड मलाच गवसला! लोखंडात मधाच्या रंगाचे चमकते खडे. साहेब म्हणतात, असा फार क्वचित मिळतो.

'ते दगड फरिश्त्यांनी शैतानाला मारलेले, हात लावू नको,' असं तू फोनवर ओरडली होतीस. मी लावला. उद्यापण लावणार. शैतानाला मारलेला दगड शैतानाचा कसा होईल गो?

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकतेस ना?

साहेबांनी नखाएवढा तुकडा मला दिलाय. ईदला आणून आपल्या उंबऱ्यात बसवणार. मग येऊनच दाखवू दे शैतानाला.

तुझा हट्टी
इनायत