वारा येतोय, बंद करा

४ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातला नळ अखेर थांबला! दोन वॉशर वाया गेले, बोटाचं सालटं निघालं, पण थेंब बंद. पाणी खात्यात जन्म गेला, अख्ख्या शहराच्या गळत्या शोधल्या, आणि घरचा नळ निवृत्तीनंतर. "दिव्याखाली अंधार," ही म्हणाली. म्हणू दे. बायकोच ती, दुसरं काय म्हणणार!

उद्यापासून एकेक खोली हातात घ्यायची. नुसता बसलो तर गंजेन.

५ नोव्हेंबर

बाहेरच्या दाराची कुरकुर बंद. ही — "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." म्हटलं, थांब जरा, भिंतींचाही नंबर येणार आहे.

९ नोव्हेंबर

सकाळी ही बाथरूममधून ओरडली — "अहो, वारा येतोय, बंद करा ना ते काहीतरी!" हे वाक्य या घरात आल्यापासून दर थंडीत ऐकतोय. वरती काचपट्ट्यांची खिडकी आहे. पट्ट्या गंजून अर्धवट उघड्याच अडकल्यात, आणि वारा थेट ओल्या अंगावर. मला कधी बोचला नाही. मी जन्माचा गार पाण्याने अंघोळ करणारा — चार तांबे ओतले की झालं. हिला मात्र कढत पाणी लागतं. त्यासाठीच तर तो गॅसचा गिझर, बाथरूमच्या भिंतीवर, सिलिंडरला जोडलेला. तो फक्त हिचा. मी त्याच्या वाटेलाही जात नाही.

नोकरीच्या धबडग्यात हिचं एवढंसं काम राहून गेलं. आता सबब नाही.

११ नोव्हेंबर

खिडकी बंद! पट्ट्या उपसून काढल्या, जाड काच बसवली, कडेने सिलिकॉन. समोर मेणबत्ती धरून पाहिली — ज्योत हलली नाही. ही न्हाऊन आली ती हसतच. "आज पहिल्यांदा कुडकुडले नाही हो." बस्स. आणखी काय पाहिजे माणसाला.

१५ नोव्हेंबर

आज मजा झाली. भिंतीतल्या पाइपाला सहज कान लावला — जुनी खोड. वरच्या मजल्यावर पाणी वाहत होतं. वर जाऊन बेल वाजवली. तिथे बँकवाले राहतात, नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. म्हटलं, तुमचा नळ उघडा राहिलाय. "छे हो, बायको कपडे धुतेय," म्हणाले. म्हटलं, नळाखाली कुणीही नाही, बघून या. बघतात तर खरंच! बायको केव्हाच बाजारात गेलेली. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

यात जादू काही नाही. माणूस पाणी वापरतो तेव्हा आवाज तुटतो. मध्ये हात येतो, बादली सरकते, अंग वळतं. नुसतं वाहणारं पाणी एकसुरी बोलतं. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून, तिला कान लावून हेच तर ऐकत आलो इतकी वर्षं. खात्यात मला 'कान' म्हणायचे ते उगीच नाही. माणूस निवृत्त होतो, कान होत नाही!

२० नोव्हेंबर

हिचं डोकं दुखतंय. बेडरूमच्या रंगाचा वास, म्हणते. असेल.

२४ नोव्हेंबर

पुन्हा डोकं. सकाळीच, अंघोळ करून आली आणि पलंगावर आडवी. "आटपा एकदाची तुमची ही बांधकामं." रंग तर वाळून खडखडीत झालाय. पण डोकं दुखणाऱ्या बायकोशी वाद घालू नये हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो.

२९ नोव्हेंबर

बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट होती. तिथूनही गार झोत यायचा, हिच्या पायांवर. रबरी पट्टी ठोकली. दार आता असं घट्ट बसतं की खांद्याने रेटावं लागतं. फट दिसली की मला चैन पडत नाही, हे खरं. हिला पटत नाही, पण पाय गरम राहतात हे कबूल केलं.

६ डिसेंबर

आज जीव घशात आला. ही अंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडून उंबऱ्यातच खाली बसली. "गरगरतंय हो." तोंड पांढरंफटक. ओकारी आली. उचलून हॉलमध्ये आणलं, खिडकीपाशी बसवलं, तेव्हा कुठे तोंडावर रंग आला. डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले. "वय झालं आता आजी. दगदग कमी करा." एक गोळी दिली.

 घाबरलो. फार घाबरलो. हिच्याशिवाय या घरात मी काय करू? कुणासाठी रंगवू?

थंडीनंच झालं असणार. अंघोळीची जागा अजून उबदार करायला हवी.

८ डिसेंबर

लेक येऊन आईला घेऊन गेली. "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे बाबा. तुमची ठोकाठोकी संपली की आणून सोडते." जावयाने बॅग उचलली. ही जिन्यात थांबून म्हणाली, "गार पाण्याने न्हाता ते न्हा, पण गार जेवू नका."

घर एवढं मोठं होतं?

१२ डिसेंबर

फोन. "इथे आल्यापासून डोकं एकदाही दुखलं नाही, बघा!" किती आनंदाने सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१९ डिसेंबर

पुन्हा तेच. चक्कर नाही, डोकं नाही, भूक लागते, संध्याकाळी जावयाबरोबर फिरायला जाते. मागून लेक — "आईला इथेच ठेवून घेऊ का? तुम्हीही या ना बाबा." म्हणजे माझ्या घरात ही आजारी आणि त्यांच्या घरात ठणठणीत! जन्मभर सांभाळली ती मी, आणि गुण आला तो त्यांच्या हाताला.

वर लेकीच्या बाथरूमचं कौतुक. "शॉवर आहे हो. गरम गरम पाणी अंगावर नुसतं पडत राहतं. बाहेर यावंसं वाटत नाही."

असं आहे तर! मग बाथरूमच नवं करतो. हिला परत यावंसं वाटलं पाहिजे. नाही आली तर? नाही, तो विचारच नको.

२३ डिसेंबर

काम सुरू. फरशीवाला जुन्या फरश्या फोडतोय, मी ढिगारा उपसतोय. शॉवर आणला. बादली-तांब्या माळ्यावर. माझे चार तांबे आता शॉवरखालीच — पण गारच!

२८ डिसेंबर

जावयाचा फोन. "बाबा, करताच आहात तर एक एक्झॉस्ट फॅन टाकून घ्या. छोटंसं भोक पाडायचं, झालं." डोकंच फिरलं. जन्मभर लोकांची भोकं बुजवली, आता म्हातारपणी स्वतःच्या भिंतीला पाडू? आणि हिला वारा सोसत नाही हे याला कुठे ठाऊक! सासू चार दिवस घरी राहिली तर लगेच शहाणपण शिकवायला लागला. "बघू," म्हटलं. बघणार नाही.

३ जानेवारी

छताखाली जुन्या पाइपाचं भोक राहिलं होतं, मूठभर. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माझ्या आलं. सिमेंटने बुजवलं, वर पुट्टी, वर रंग. आता वाऱ्याला शोधूनही वाट सापडायची नाही. हवाबंद डबाच झालाय!

७ जानेवारी

गिझर घासूनपुसून चकचकीत केला. पुढच्या बाजूला लाल अक्षरांचा एक स्टिकर होता, कडा कुरतडलेल्या, अगदी कळकट. नव्या फरशीपुढे फारच वाईट दिसत होता. काय लिहिलंय ते बघायला चष्मा हवा, आणि चष्मा बाहेर रंगाच्या डब्यापाशी. हात भरलेले. कोण जातंय! ब्लेडने खरवडून टाकला.

१० जानेवारी

आज चाचणी. शॉवर सोडला, गिझर भक्कन पेटला. दार लावून आतच उभा राहिलो, कुठून वारा लागतो का ते बघायला. नाव नाही! ऊब कशी दाटून राहिली. गिझरची ज्योत पूर्वी निळी असायची, आज पिवळी धमक. दिसते मात्र छान.

बाहेर आलो तर डोकं जड आणि पायांत त्राण नाही. दिवसभर वाकून काम, दुसरं काय. हिला व्हायचं तसंच अगदी. हसू आलं — एका माळेचे मणी आम्ही. वयच झालं दोघांचं.

१४ जानेवारी

नव्या बाथरूमच्या कोपऱ्यात पाल मरून पडलेली. ही पालीला किती भिते! लगेच फोन केला. "अगं, झाडू न मारता मेली." तिकडे किती तरी वेळ हसत होती. मग एकदम म्हणाली, "येते मी आता. कंटाळले. लेकीच्या घरी किती दिवस पाहुणी राहायचं? तुमच्याशी भांडल्याशिवाय अन्न पचत नाही मला."

येतेय!

१८ जानेवारी

नवे टॉवेल. साबणदाणी. शॉवरखाली बसायला प्लास्टिकचा स्टूल, चक्कर आली तर असावा म्हणून. दाराची कडी नवीन बसवली, जुनी सारखी निसटायची. फरशी तीनदा पुसली. माझाच मला राग येतोय, नव्या नवऱ्यासारखा काय वागतोय!

१९ जानेवारी

आली. जावई सोडून लगेच परतला. गालावर रंग आलाय हिच्या, आवाजही खणखणीत. आल्या आल्या सगळ्या घरभर फिरली, नाकं मुरडली ("हा काय रंग? हिरवा आणायला सांगितला होता की"). मग बाथरूमचं दार उघडलं. फरशीवरून हात फिरवला. वर बघितलं. "सगळं कसं गुळगुळीत. वाराच नाही की." म्हटलं, तुला लागायचा ना. डोळे भरून आले हो हिचे. "माझ्यासाठी एवढं केलंत?"

  लेकीच्या घरी जे मिळालं ते इथेही मिळालं पाहिजे, एवढंच होतं माझं. मिळालं.

"प्रवासानं अंग आंबलंय. आधी मनसोक्त न्हाते, मग चहा टाका," म्हणाली आणि आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

आत्ता आतच आहे. मी इथे टेबलाशी लिहीत बसलोय. आधी काहीतरी गुणगुणत होती, साबण पडला, स्वतःशीच पुटपुटली. आता नुसतं पाणी. कान जातोच त्या आवाजाकडे, काय करणार! हिची स्वारी शॉवरखाली ढिम्म उभी असणार, कारण आवाज तुटत नाहीये. एकसुरी चाललाय, बराच वेळ. पाणी खात्यातल्या माणसाच्या घरात ही उधळपट्टी! लेकीकडची सवय.

पण आज टोकायचं नाही. आल्या आल्या भांडण नको. घेऊ दे मनासारखं.

तोवर चहाचं आधण ठेवतो.

२ फेब्रुवारी

लेक माझ्याशी बोलत नाही. जावयाने सांगितलं — गिझरचा विषारी वायू, आणि आत हवा यायला जागाच नव्हती. आधीची डोकेदुखी, ती चक्कर, तीही त्याचीच. फॅनचं नाव त्याने काढलं नाही.

आवाज तुटत नव्हता. मी ऐकला होता. वर लिहिलाय.

आज खिडकीची काच फोडली. गार वारा येतोय बाथरूममध्ये. बंद करा म्हणायला कुणी नाही.