डाव्या टाचेचा ठसा

लालबाग, मुंबई
सोमवार, ६ जानेवारी १९७५

प्रिय गजास,
पदूचा नमस्कार.

आम्ही इथे सगळे ठीक आहोत. आई माझ्याकडेच असते, तिला आता कमी ऐकू येतं, पण आपल्या कोंडाण्याचं नाव काढलं की बरोबर ऐकू येतं. तुझी, अंबूवहिनींची आणि घरच्या सगळ्यांची खुशाली कळव.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते दोनतीनदा उलटसुलट केलं असशील. वीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. लग्नालाही आलो नाही, रजा मिळत नाही असा तोंडी निरोप धाडला होता. त्याबद्दल तुला काय वाटलं असेल ते वाटलं असेल. आज दुसऱ्याच कामासाठी लिहितोय.

मी खेळणं केव्हाच सोडलं. पोट सुटलंय, तू पाहिलंस तर हसशील. कंपनीने मला कबड्डी संघासाठी नवे खेळाडू हेरायचं काम दिलंय. गावोगाव, कॉलेजाकॉलेजात जायचं, सामने बघायचे, आणि कोण घेण्याजोगा आहे ते साहेबांना लिहून द्यायचं. यंदा चढाई करणाऱ्याची एकच जागा आहे. एक वर्ष कच्ची नोकरी, मग पक्की.

काल खोपोलीला कॉलेजांचे सामने होते. साहेबही बरोबर होते. आठ नंबरचा पोरगा उतरला, मध्यरेषेपाशी वाकला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी माती कपाळाला लावली. गजा, तशी माती लावणारा मी जन्मात एकच माणूस पाहिलाय. तुझा पोरगा आहे हे कळायला मला नाव विचारावं लागलं नाही.

काय खेळला रे तुझा विठू! पहिल्या डावात अकरा गुण. दम इतका लांब की पंच घड्याळाकडे बघायला लागला. कोपऱ्यातला गडी अंगावर आला तर पोरगा मागे सरत नाही, उलट त्याच्याच खांद्यावरून हात फिरवून निघतो. साहेब माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "हाच. आता तुम्ही म्हणाल तसं." साहेब माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. माझ्या सहीचा कागद गेला की नेमणूक झालीच म्हणायची.

छापील फॉर्म आहे. नाव, वय, उंची, दम, पकडीतून सुटण्याची रीत, सगळं भरून झालं. एक रकाना राहिलाय. म्हणून सहज विचारतो, विठूने या वर्षात कुठे मार खाल्ला होता का? कुठे पडलाबिडला? असेल तर लपवू नकोस. शनिवार दि. १८ पर्यंत मला फॉर्म द्यायचा आहे.

उलट टपाली कळव. वहिनींना नमस्कार, विठूला आशीर्वाद. त्याला मी भेटलो, पण जास्त बोललो नाही.

तुझा,
पदू


लालबाग, मुंबई
सोमवार, १३ जानेवारी १९७५

प्रिय गजास,

तुझं कार्ड आलं. पाठ झालंय. "विठूचे वजन अठ्ठावन्न किलो आहे. गिरणीच्या काट्यावर दर शुक्रवारी करतो. वर जाऊ दिलेले नाही. मार वगैरे काही नाही. वजनासाठी नाव कापू नका."

कापू नका. मला, पदूला, तू "नका" लिहिलंस. ज्याच्या पाठीत रोज एक गुद्दा घातल्याशिवाय तू मैदानात उतरत नव्हतास त्याला. कार्ड हातात घेऊन मी जिन्यातच बसलो. शेजारीण म्हणाली, भावोजी, कुणी गेलं का? मी नाही म्हटलं.

उद्या संक्रांत. गोड बोलायचा दिवस, आणि मी तुला हे लिहितोय. वाचून झाल्यावर तू मला हव्या त्या शिव्या दे.

आधी विठूचं. मी तुला सांगितलं की त्याला भेटलो, पण कसा भेटलो ते गाळलं. सामने संपले, माणसं पांगली, साहेब चहाला गेले. मी मैदानावर मागे राहिलो. तूच लावलेली सवय ही. आठवतं? खेळ संपला की तू कुणाला मातीवर पाय ठेवू द्यायचा नाहीस. म्हणायचास, "माणूस खोटं बोलंल, माती नाय बोलनार. पाय वाच आधी." चाळलेली, पाणी शिंपडलेली ओली माती, तीवर सगळ्यांचे पाय. कोण कुठे वळला, कुणी कशावर भार दिला, सगळं तिथे असतं. माझ्या कंपनीत मी या एका विद्येवर मोठा झालो. लोकांना वाटतं मला अक्कल आहे.

विठूची माती मी वाचली. परत फिरताना तो प्रत्येक वेळी उजव्या पायावर फिरतो. उजवी टाच चांगली बोटभर रुतलेली. डाव्या पायाची नुसती बोटं. पुढे एक ओरखडा, पाय ओढल्याचा. सबंध मैदानात डाव्या टाचेचा ठसा मला एकदाही सापडला नाही. मी तीनदा शोधला रे. सापडावा म्हणून शोधला.

पोरगा पाण्याच्या टाकीपाशी हातपाय धूत होता. मी जवळ गेलो आणि बोलता बोलता त्याच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तोंडातून आवाज काढला नाही. तुझंच रक्त. मग माझा हात धरून म्हणाला, "काका, सायबाला नका सांगू. आन बाबांना तर नकोच."

"कधीपासून हाय?" मी विचारलं. बोलता बोलता मीही गावचं बोलायला लागलो.

"दिवाळीपासून. उतरताना कटकन आवाज आला."

"कुठून उतरताना?"

"डोंगरातल्या लेन्यांवरून. बाबा रोज पळवतात. चढायचं आन पळत खाली यायचं. वजन वाढू नये म्हनून. रातचा भातपन बंद हाय माझा." मग हसला थोडा. "बाबा म्हनतात, वजनानं माझा घात केला, तुझा नाय होऊ देनार."

गजा, मी तिथून लगेच निघालो. साहेबांना सांगितलं डोकं दुखतंय. पहिलं पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं आणि त्यात विठूने मार खाल्ला का असं विचारलं. मला सगळं माहीत असताना विचारलं. तू "हो" म्हणावंस आणि पुढचं मला सांगावं लागू नये, एवढीच आशा होती. तू वजन लिहून पाठवलंस.

आता ऐक. तुझं नाव वजनासाठी कापलं नव्हतं.

पंचावन्नच्या जानेवारीत कर्जतच्या मैदानावर कंपनीचे तेव्हाचे साहेब आले होते, ते तुझ्यासाठी आले होते. मी कोपऱ्यात पकडी करणारा, माझ्यासारखे त्यांना दहा मिळत होते. आदल्या दिवशी सरावात तुझा गुडघा खरचटला. साधं खरचटलं, एवढंसं. माझ्या आईने हळद लावली आणि मी माझ्या जुन्या धोतराची पट्टी फाडून बांधली. पट्टी बांधूनच तू उतरलास आणि सात जणांचं लोण चढवलंस. सामना झाल्यावर साहेबांनी मला चहाच्या टपरीवर बोलावलं. तू विहिरीवर गेला होतास. त्यांनी विचारलं, "तो गजा. गुडघ्याला काय झालंय त्याच्या?"

मला दोन शब्द बोलायचे होते. काही नाही. एवढे दोनच.

मी म्हणालो, "सरकतो साहेब कधीकधी. जुनंच हाय."

ठरवून नव्हतो गेलो. तुझ्याबद्दल मला असूया होती असंही नाही. होती. लिहायलाच बसलोय तर खरं लिहितो, होती. साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "तू येशील?"

तू विहिरीवरून आलास, केस ओले, आणि विचारलंस, "काय म्हनले रं?" मी म्हणालो, वजन सहा रत्तल जास्त भरलं तुझं, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. गुडघ्याचं सांगितलं असतं तर तू तसाच धावत जाऊन त्यांच्यासमोर दहा उड्या मारल्या असत्यास. म्हणून वजन. वजनाशी कुणाला भांडता येत नाही.

आणि तू भांडला नाहीस. तू जेवण सोडलंस. तुझ्या तीन पत्रांत दुसरं काही नव्हतं, आज किती कमी झालं, उद्या किती होईल. तिसऱ्यात कावीळ झाल्याचं होतं. पुढच्या निवडीला तू उतरलास तेव्हा तिसऱ्या चढाईत तुझा दम तुटला, हे मला गावच्या लोकांकडून कळलं. त्यानंतर तू भाताच्या गिरणीत लागलास. मी लग्नाला आलो नाही त्याचं कारण हे. रजा होती. कपडेही घेतले होते.

वीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की जे व्हायचं ते एकदाच होऊन गेलं. पण तुझ्या घरात ते अजून चालूच आहे. माझं खोटं तू त्या पोराच्या ताटात वाढतोयस, त्याला रोज डोंगरावरून पळवतोयस, आणि जो गुडघा मी तुझ्याबद्दल तोंडाने बनवला तो त्याला खरोखर झालाय.

आता मी काय करू? त्या राहिलेल्या रकान्यात गुडघ्याचं खरं लिहिलं तर विठूची जागा गेली. पुन्हा माझ्याच शब्दाने, पुन्हा गुडघाच, फक्त या वेळी खरा. खोटं लिहिलं तर नोकरी मिळेल, आणि एखाद्या पकडीत पाय असा जाईल की पोरगा जन्मभर काठी घेऊन चालेल, नि वर्ष भरायच्या आत कंपनी त्याला घरी पाठवेल. कंपनीच्या डॉक्टरांना मी नाव न घेता विचारलं, ते म्हणतात, सहा महिने पायावर भार नको, पोटभर खायला हवं, मग कदाचित बरा होईल. कदाचित. जागा तोवर थांबणार नाही.

तुझ्याबद्दल किंवा तुझ्या पोराबद्दल गुडघा हा शब्द लिहायचा अधिकार मला राहिलेला नाही. फॉर्म सोबत पाठवतोय. खाली माझी सही केली आहे. तो एक रकाना कोरा आहे. तू भर. तू लिहिशील ते मी साहेबांना तसंच देईन, खरं असो वा खोटं. तू म्हणशील की पदूने या वेळीही स्वतःवरचं ओझं माझ्यावर टाकलं. म्हण.

आईला हे माहीत नाही. पट्टी बांधली तेवढं तिला आठवतं, आणि दरवर्षी विचारते, गजाचा गुडघा बरा झाला का.

तुझा म्हणवून घ्यायला तोंड नसलेला,
पदू


मु. कोंडाणे, ता. कर्जत
गुरुवार, १६ जानेवारी १९७५

पदू यास,

पत्र विठूबरोबर हातपोच पाठवत आहे. पोस्टावर भरवसा ठेवला नाही.

तुझे पत्र गिरणीत मिळाले. एकदा वाचले. पट्टा चालू होता तो बंद केला आणि परत वाचले. मालक ओरडला. मी सायकल काढून घरी आलो.

तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते मला ठरवता येईना. तू एकदा गुडघ्याबद्दल खोटे बोललेला माणूस. म्हणून मी खळ्यात पाणी मारले. माती बसू दिली. विठूला म्हटले, जा त्या टोकाला आणि फिरून ये. तो म्हणाला, कशाला? मी म्हटले, जा. तो गेला, फिरला, आला. मी खाली वाकून पाहिले. डाव्या पायाची नुसती बोटे होती. टाच नव्हती. दिवाळीपासून दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर तो डोंगर उतरत होता आणि मी हातात घड्याळ धरून उभा होतो. मी त्याचे पाय पाहिले नाहीत. काटा पाहिला.

अंबू दारात उभी होती. तिने विचारले, "काय झालं वो?" विठू आत गेल्यावर मी त्याच खळ्यात त्या टोकापर्यंत गेलो आणि फिरून आलो. बेचाळीस वय, गिरणीत पोती वाहिलेली. माझ्या दोन्ही टाचा उमटल्या. विठूच्या शेजारी.

अंबूला सगळे सांगितले. ती रडली नाही. तिने चुलीवर भाताचे मोठे पातेले ठेवले. विठू तीनदा भात मागून घेऊन जेवला. चौथ्यांदा मागताना माझ्याकडे बघितले त्याने. पदू, पोराने जेवताना बापाकडे असे बघावे, हे माझ्याकडून झाले. पण त्याची सुरुवात तुझी आहे. मी तुला माफ केलेले नाही. पुढचे मला माहीत नाही.

फॉर्म भरला आहे. "डावा गुडघा दुखावलेला, सहा महिने खेळू नये" असे लिहिले आहे. विठूला वाचून दाखवले. तो म्हणाला, "बाबा, नोकरी जाईल." मी म्हटले, जाऊ दे. माझ्या घरातून एक तरी कागद खरा जाऊ दे. तुझ्या कंपनीच्या डॉक्टरला त्याला एकदा दाखव. तेवढे कर.

फॉर्मच्या मागची बाजू कोरी होती. तिथे मी दुसरे नाव लिहिले आहे. गजानन भोईर, वय बावीस, जानेवारी पंचावन्न. गुडघ्याच्या पुढे काय लिहायचे ते लिहिले आहे. त्याची तू नक्कल काढ. तुझ्या हाताने. आणि त्याखाली सही कर.

ती पोस्टाने पाठवू नकोस. रविवारी इथे पोरांचा सराव असतो, देवळासमोर. त्या वेळेला ये. सगळ्यांसमोर उभा राहून वाच. पुढे काय बोलायचे ते मग बघू.

तुझ्या आईला सांग, बरा आहे.

गजानन भोईर
दोन्ही गुडघे चांगले