बाबांचं लाळेरं

४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पुलाचं काम रखडलंय आणि मुकादम तुझं डोकं खातोय, हे वाचून वाईट वाटायला हवं होतं. पण मला इथे दुसऱ्याचं दुःख वाटून घ्यायला फुरसत नाही. आधी तुझ्याशी भांडते, मग बाकीचं.

भिंगरीला त्या शाळेत घाल म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास ना? मुलं हाताने करून शिकतात, जगायला लागेल ते शिकतात, वगैरे. बटण लावायला शिकली, ठीक. फ्यूज बदलायला शिकली, तेही ठीक. काल बाईंनी काय करावं? जोडीतल्या एकाचे डोळे बांधले, हात मागे बांधले आणि दुसऱ्याकडून त्याला भरवून घेतलं, मग पाळी बदलली! आठ वर्षांची पोर हसत हसत हे सांगते आणि माझ्या हातातली कात्री खाली पडली. फी भरून पोरांचे हात बांधून घ्यायचे? मी मुख्याध्यापिकेची चांगली हजेरी घेणार आहे. नाव काढून आणलं तर मला बोल लावू नकोस.

आता बाबांचं. झटका आल्यापासून वाचा गेली, उजवी बाजू गेली, हे तुला ठाऊकच आहे. पण आता त्यांनी जेवणच सोडल्यासारखं केलंय. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटतात, मान फिरवतात. दिवसभरात चार घास कसेबसे जातात. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे, गिळता येतं, यांनाच खायचं नाही. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

माझ्याकडून काही कमी नाही रे. खाली शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत असतात, तरी दोन्ही वेळा मीच भरवते. जाड कापडाचं मोठं लाळेरं शिवलंय, गळ्यापासून मांडीपर्यंत, मागे नाड्या. डावा हात मध्येच उठून वाटी उडवायचा, तो आता आत नीट राहतो. शिंतोडे उडू नयेत म्हणून चष्माही काढून ठेवते. कुठे एक डाग पडत नाही. तरी बाबा माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांचं काही वाकडं केलंय. मला रडू येतं आणि रागही येतो.

पत्र पाठव. माया आहेच, ती जरा पत्रातही दिसू दे.

तुझी बहीण

९ ऑक्टोबर

चि. इस्त्रीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

बाहुलीच्या फ्रॉकलासुद्धा चुणी पडू न देणारी तू. घरात एक डाग नाही हे तुझ्याशिवाय कुणी अभिमानाने लिहिलं नसतं. हसून घेतलं, मग पुढचं वाचलं. बाबा जेवत नाहीत? उजव्या हाताने गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडायचं आणि डाव्या हाताने पाव खायचा, काम आणि खाणं दोन्ही न सोडणारा माणूस! माझा विश्वासच बसत नाही.

कदाचित त्यांनीच ठरवलं असेल, आता पुरे म्हणून. तरी नळी घालायची वेळ आली तर घाल, माझी संमती समज. वीस तारखेपासून रजा मिळतेय.

शाळेचं म्हणशील तर भांडायला जाण्याआधी भिंगरीकडून तो प्रकार एकदा स्वतःवर करून घे. मग मुख्याध्यापिकेला खुशाल फाडून खा, मी मध्ये पडणार नाही.

स्वतःला जप. तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच चिडवतो.

तुझा दादा

१३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुझं ऐकलं आणि काल दुपारी भिंगरीला म्हटलं, चल, दाखव तुझा खेळ. हात बांधायला ओढणी शोधत होती, तेवढ्यात तिला खुर्चीवर वाळत घातलेलं बाबांचं लाळेरं दिसलं. म्हणाली, हे चालेल, यात हात आपोआप अडकतात. मला घातलं, मागे नाड्या आवळल्या, डोळ्यांवर रुमाल बांधला. मी हसत होते. बाईंनी शिकवलं तसं भरव म्हटलं, तर म्हणाली ते नंतर, आधी तू आजोबांना भरवतेस तसं.

दादा, चमचा ओठांवर आपटला. गरम की गार, काय आहे, हे कळायच्या आत तोंडात. तो घास गिळते तोवर दुसरा. हनुवटीवरून चमच्याची कड खरवडत वर. आणि कार्टी हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, की आटपा, गिऱ्हाइकं थांबलीत. थांब म्हणायला मी हात उचलायला गेले. हात उठेना. दुहेरी शिलाई मीच घातली आहे ना.

मग मी काय केलं असेल? ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

मग तिने बाईंच्या पद्धतीने भरवलं. चमच्यात काय आहे ते आधी सांगायचं, आणि खाणाऱ्याने टेबलावर बोट वाजवलं की मगच पुढे करायचा. बोटासाठी तिने माझा एक हात मोकळा केला. मला आधी का नाही सांगितलंस, असं रागावून विचारलं, तर म्हणाली दोनदा सांगितलं होतं, तू म्हणालीस गृहपाठ कर.

त्यांना जगायचं नाही असं आपण धरून चाललो होतो. ते नुसतं थांब म्हणत होते रे! आणि मी त्यांचा धडधाकट हात बांधून, चष्मा काढून, वर डाग पडत नाही म्हणून तुला कौतुकाने लिहीत होते. आणि आपण नळी घालायला निघालो होतो. मला स्वतःचीच भीती वाटतेय.

रात्रीच्या जेवणाला नाड्या सोडल्या, चष्मा चढवला. पुढचं मला लिहवत नाही. भिंगरी म्हणते ती लिहिणार.

ओरड, रागाव, पण ये.

तुझी बहीण

ती. मामास,
सा. न.

आई रडते आहे म्हणून मी लिहिते. आजोबांनी आधी डावा हात नुसता टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मी सांगितलं की वाटीत सूप आहे, कोमट आहे, हवं असेल तेव्हा बोट वाजवा. त्यांनी खूप वेळ बोट वाजवलंच नाही. आई चमचा धरून थांबली. खाली दुकानाची घंटा वाजली तरी थांबली. मग त्यांनी वाजवलं. त्यांनी पूर्ण वाटी संपवली, शेवटी शेवटी चमचा स्वतःच धरला. सांडलं खूप.

मग आईने अजून थोडं वाढलं, तर आजोबांनी चमचा भरला आणि आईच्या तोंडापुढे धरला. हात हलत होता. आईने आधी टेबलावर बोट वाजवलं, मग तोंड उघडलं. निम्मं तिच्या नव्या साडीवर सांडलं. ती पुसायला उठली नाही.

लवकर ये. मला तुझी खूप आठवण येते, तुलाही माझी येऊ दे.

तुझी भिंगरी