बहिणीचं हृदय, भावाच्या नावावर

जव्हार,
२ नोव्हेंबर २०२५

चि. रखमीस, गोरखदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा कंपनीतून सुटलो. शाल दिली, नारळ दिला आणि चाकांची एक बॅग दिली. चाकांची बॅग जव्हारच्या चढावर ओढत आणताना तुझी वहिनी मागे आणि बॅग तिच्याही मागे, अशी आमची वरात घरी पोचली. बोईसरची खोली रिकामी करून चावी दिली. आता इथेच.

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. हल्ली विम्याच्या बायकांचे फोन येतात. पहिल्याच वाक्यात सांगतात की हे बोलणं ध्वनिमुद्रित होत आहे. कंपनीकडे माझा नंबर आहे, मग आपलं बोलणंही कुठे साठवत असतील तर काय घ्या. म्हणून फोन बंद करून डब्यात ठेवलाय. हे पत्र खोडाळ्याच्या गाडीवर कंडक्टर बुध्याकडे देतोय. त्याला वाचण्याची आवड नाही.

तुझं हृदय कंपनीच्या कागदावर माझ्या नावावर आहे. कंपनीच्या मते कुटुंब म्हणजे बायको, मुलं, आईबाप, हवं तर सासूसासरे. सासूचे गुडघे चालतात, सख्ख्या बहिणीचं काळीज चालत नाही. म्हणून तर नाशिकच्या डॉक्टरने तुला लिहून दिलेली रक्त पातळ ठेवायची गोळी आपल्या कंपनीच्या डॉक्टरने दयेपोटी माझ्या नावावर चढवली, आणि इतकी वर्षं भाऊबीजेला मी तुला साडीऐवजी गोळ्यांची पाकिटं घालत आलो.

आता ते बंद. निवृत्ताला कंपनी दोनांतला एकच विमा पुढे चालवू देते. एक खाटेचा : दवाखान्यात दाखल झालो तर खर्च, बाहेरच्या औषधाला काही नाही. तो जुन्या माणसाला तपासणीशिवाय मिळतो. दुसरा औषधाचा : महिन्याच्या गोळ्या मिळतील, खाट पकडली तर आपलं आपण बघायचं. त्याला आधी हृदयाची तपासणी. दोन्हींच्या पुस्तिकेवर तेच पांढऱ्या केसांचं जोडपं हिरवळीवर हसत पळतंय. कशाला हसतात ते आत कुठे लिहिलेलं नाही.

महिनाअखेरीस निवड कळवायची आणि एकदा कळवली की बदल नाही. मी दोन रात्री जागा आहे. भाऊबीजेला दिलेल्या गोळ्या संक्रांतीपर्यंत पुरतील ना, ते कळव.

जिवाला जपून लोभ ठेव.
तुझा दादा,
गोरख

---

खोडाळा,
७ नोव्हेंबर

ती. गोरखदादास, रखमीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र बुध्याने अंगणवाडीत आणून दिलं. देताना म्हणाला की दादा हातात देताना इकडेतिकडे बघत होते, म्हणजे जमिनीचं काहीतरी असणार. मी हो म्हटलं. आता गावात आपली जमीन आहे.

औषधाचा विमा घे की खाटेचा, हे मला विचारू नकोस. मी म्हणजे कागदावर नसलेली बाई. माझ्या अंगणवाडीत पोरांचं वजन मोबाइलमध्ये भरायचं असतं. ज्याचं भरलं नाही ते पोर सरकारला दिसत नाही, समोर बसून खिचडी खात असलं तरी. तसंच माझं. सरकारी कार्ड आहे माझ्याकडे, नाही असं नाही. पण ते आडवं पडल्यावर चालतं. आडवं पडू नये म्हणून रोज जी गोळी लागते, तिला ते ओळखत नाही. आणि ती गोळी आमच्या सरकारी दवाखान्यात येतच नाही.

गोळ्या संक्रांतीपर्यंतच काय, होळीपर्यंत पुरतील. तू सुटणार हे दिवाळीतच कळलं होतं, तेव्हापासून मी एक दिवसाआड घेते. बायका कपबशी फुटेल म्हणून चहा पितळीत घेतात, तसंच हे. रोज घेतल्याने होतं काय, रक्त जरा जास्त पातळ. दोनांत एक चालते.

एक गंमत सांगते. मंगळवारी पोरांना वाढताना डाव्या हातातून पळी पडली. उचलायला गेले तर हात माझा नाहीच, शेजारणीचा असावा तसा लोंबत राहिला. मदतनीस कविता विचारायला आली, तर मला उत्तर तोंडात सापडेना. पोरं हसली, त्यांना वाटलं बाई नक्कल करतेय. पोरांच्या जेवणावळी आटपेपर्यंत सगळं जागेवर आलं. पित्त असेल. कविताला मी कुणाला सांगू नको म्हटलंय, म्हणजे अर्ध्या गावाला कळलं असेलच.

खरं लिहू? पळी पडल्यापासून मला जरा भीती वाटते. झोपताना डावा हात उजव्या हातात धरून झोपते, कुठे जाऊ नये म्हणून.

वहिनीला नमस्कार. माझा राग नसावा, माया असू द्यावी.
तुझी,
रखमी

---

जव्हार,
१२ नोव्हेंबर

चि. रखमीस, आशीर्वाद.

आजपासून रोज गोळी. रोज म्हणजे रोज, उद्याची उद्या. तुझं पत्र वाचून मी तसाच खोडाळ्याला निघालो होतो, वहिनीने मला खाली बसवलं. ते पित्त नाही. आमच्या कंपनीतल्या तुकाचा हात असाच एकदा गेला आणि परत आला, तेव्हा तोही हसला होता. दुसऱ्यांदा गेला तो आला नाही, आणि तोंडही त्याच बाजूला राहिलं. चहाची कपबशी फुटली तर दुसरी मिळते. तू शहाणी म्हणून गावभर मिरवतेस आणि गोळीत काटकसर करतेस.

मी ठरवलं. औषधाचा विमा. तपासणी कालच उरकली. इथून पुढे जे लिहितो ते वाचून हस, पण मला रडू आलं होतं. छातीला तारा लावल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, आणि डॉक्टरने माझं अभिनंदन केलं. इतक्या वर्षांच्या रुग्णाचं हृदय इतकं सरळ चालताना त्याने पाहिलेलं नाही, गोळीचा उत्तम गुण आला म्हणे. गोळी खाल्ली तू, गुण आला मला. वर त्याने विचारलं की इतकं छान चाललंय तर गोळीची अजून गरज आहे का, ते मोठ्या डॉक्टरांना विचारून लिहू. रखमी, आयुष्यात पहिल्यांदा मी एका डॉक्टरला हात जोडून सांगितलं की साहेब, मी फार आजारी आहे.

आता पुन्हा बोलावलंय. त्याआधी शिरपामाळाच्या चढावर पळून यावं, म्हणजे काळीज जरा वेडंवाकडं धावेल, असा विचार केला. अर्ध्यातच दम लागला आणि बसलो. वयाचं आहे. डॉक्टरने ओघात छातीचा फोटोही काढला, त्यात विशेष काही नाही.

भिऊ नकोस. मी दोघांपुरता भितो आहे.
लोभाबरोबर गोळीही रोज असावी.
तुझा,
दादा

---

जव्हार,
१४ नोव्हेंबर

रखमीबाय हिला कमूवहिनीचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर हसू नको. हे दादांना न सांगता लिहिते.

फोटोत विशेष काही नाही असं त्यांनी तुला लिहिलं. उजव्या बाजूला डाग आहे. डॉक्टरने नाशिकला जा म्हणून सांगितलं, सुई घालून तुकडा काढतील म्हणाला. वर्षभर खोकतात. कंपनीतली भुकटी आहे, बाहेर पडलो की जाईल असं म्हणायचे. बाहेर पडले, ती नाही पडली. चढावर पळायला गेले तेव्हा दोन माणसांनी धरून आणलं. ते त्यांनी तुला लिहिलं नसेल.

औषधाचा विमा घेतला तर नाशिकचं काहीच मिळणार नाही. सरकारी कार्ड आमच्याकडे नाही, दादांचा पगार दिसत होता म्हणून मिळालं नाही. मी त्यांना दोनदा बोलले. ते म्हणतात माझा डाग आहे की नाही ते अजून ठरायचंय, रखमीचं ठरलेलं आहे.

बाय, मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुझी गोळी बंद व्हावी असं मी म्हटलं तर माझी जीभ झडेल. पण मला रात्री त्यांचा श्वास मोजत बसायला लागतं. कुणाला सांगू म्हणून तुला सांगितलं.

पोरीसारखी माया केली आहेस, तीच असू दे.
कमू

---

खोडाळा,
१९ नोव्हेंबर

ती. दादास, नमस्कार.

तू खोटं बोलण्यात कच्चा आहेस. "त्यात विशेष काही नाही" हे वाक्य आपल्या बापानेही मरायच्या आदल्या आठवड्यात वापरलं होतं. मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि वहिनीकडे डोळे वटारू नकोस. तिने वटारले तर तुला जड जाईल.

मी काय केलं ते ऐक. सोमवारी मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. नाव रखमी, वय, गाव, सगळं माझं. तिथली डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या, प्राजक्ताच्या वयाची. तिने विचारलं, हा आजार कधीपासून. मी सांगितलं, पुष्कळ वर्षं. तिने जुने कागद मागितले. नाशिकचा एक पिवळा पडलेला कागद सोडला तर माझ्याकडे काहीच नाही, दादा. इतकी वर्षं मी आजारी होते आणि पुरावा सगळा तुझ्याकडे. तिने वहीत नवीन रुग्ण असं लिहिलं. या वयात मला नवीन म्हणणारी ती पहिलीच.

हाताचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. तेव्हा मला कळलं की मी किती घाबरायला हवं होतं. रागावली, खूप रागावली. मग म्हणाली, तुमची ती महागाची गोळी आमच्याकडे नाही, पण त्याच कामाची जुनी गोळी आहे, ती सरकारातून देता येते. तिच्या अटी आहेत. रक्त वरचेवर तपासायचं, त्यासाठी जव्हारला यायचं. आणि पालेभाजी रोज सारखीच खायची, एक दिवस टोपलंभर आणि एक दिवस पानही नाही असं केलं की गोळीचा हिशेब चुकतो. मी म्हटलं, बाई, आम्ही पावसात टाकळ्याच्या भाजीवर जगतो आणि उन्हाळ्यात झाडालाही पान नसतं, हे तुमच्या गोळीला सांगा. ती हसली नाही. तिने लिहून ठेवलं.

नवीन गोळी सुरू केली. थोडे दिवस दोन्ही, तिने सांगितले तेवढेच, मग तुझी बंद. दोन्ही एकत्र जास्त दिवस घेतल्या तर रक्त थांबणार नाही असं तिने दोनदा बजावलं. तेव्हा आता तुझी गोळी माझ्यासाठी औषध नाही, विष आहे. तू औषधाचा विमा घेतलास तर ते विष दर महिन्याला घरपोच येईल, एवढंच.

खाटेचा घे. नाशिकला जा.

मला भीती वाटत नाही असं नाही. आज सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं तर मी फळकुटावर बसून राहिले. जुनी गोळी मला मानवेल की नाही हे पुढच्या शुक्रवारच्या पहिल्या तपासणीलाच कळेल, असं तिने स्पष्ट सांगितलं. पण ही भीती माझी आहे, दादा. ती तरी माझ्या नावावर राहू दे.

वहिनीला नमस्कार. धाकटीचं एकदा ऐकावं, ही विनंती.
तुझी,
रखमी

---

नाशिक,
२५ नोव्हेंबर

चि. रखमीस, आशीर्वाद.

खाटेचा घेतला. त्याच खाटेवर बसून लिहितोय. वहिनी खाली चहाला गेली आहे.

काल सुई घालायची होती. सगळी तयारी झाली आणि डॉक्टर माझी फाइल घेऊन आत आले ते तसेच थांबले. विम्याकडून माझी जुनी माहिती आली होती. इतकी वर्षं रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस, मग शेवटची गोळी कधी घेतली. म्हणाले, रक्त पातळ असताना फुप्फुसात सुई घातली तर आत रक्तस्राव होईल. गोळी थांबवून थोडे दिवस वाट बघावी लागेल, आणि हा डाग वाट बघण्यासारखा दिसत नाही.

मी सांगू शकलो असतो की काल घेतली, मग सुई पुढे ढकलली असती. किंवा महिन्यापूर्वी बंद केली असं सांगितलं असतं, तर दोघंही सुटलो असतो. दुसरं ओठावर आलं होतं. पण त्या माणसाच्या हातात सुई होती आणि मला एकदम वाटलं की माझ्या छातीबद्दल याला एक तरी गोष्ट खरी माहीत असावी. मी सांगितलं की ती गोळी मी कधीच घेतली नाही, एकही नाही. ती माझ्या बहिणीची.

मला वाटलं ओरडतील, कंपनीला कळवतील. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि विचारलं की मग आता बहिणीला कोण बघतं.

सगळं सांगितलं. मोखाड्याची डॉक्टरीण, जुनी गोळी, पालेभाजी. ते म्हणाले, बरोबर केलंय, फक्त पहिली तपासणी चुकवू देऊ नका. मग फाइल उघडून त्यांनी लिहिलं : रुग्णाला हृदयाचा आजार नाही. माझ्यासमोर लिहिलं, आणि सही केली. सुई घातली. दुखलं, पण तेवढंच.

आता दोन गोष्टींची वाट बघतोय. तुकड्याचा निकाल पुढच्या आठवड्यात. आणि ही फाइल विम्याकडे गेली की ते विचारतील, आजार नव्हता तर गोळ्या खाल्ल्या कुणी. खाटेचे पैसे देतील की नाकारतील, की आणखी काही करतील, ते ठाऊक नाही. वहिनीला हे अजून सांगितलेलं नाही. ती वर येतेय, जिन्यात तिच्या चपला वाजतायत, म्हणून आटपतो.

तुझी तपासणी शुक्रवारी आहे. जव्हारला जा. नाव विचारतील तेव्हा रखमी सांग, मोठ्याने सांग, आणि काय निघालं ते माझ्या निकालाची वाट न बघता कळव.

तुझ्या लोभाची आता सगळ्यात गरज आहे.
तुझा दादा,
गोरख