साहेब आणि वहिनी

पेण, मंगळवार, १९९४

आजचा दिवस कितीही आठवला तरी समाधान होत नाही. गरोदर राहिली म्हणून नंदा सिस्टरला कामावरून काढणारा आमच्या हॉस्पिटलचा मॅनेजर म्हणजे माझा सख्खा दीर. आज युनियनच्या वाटाघाटीत सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, घरी बोलू." वहिनी! मुद्दाम. बाकीच्या नर्सेसना माझा संशय यावा म्हणून.

मी म्हटलं, "इथं मी युनियनची, साहेब. नंदाला परत घ्या, नायतर उद्यापासून संप."

हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांनी नंदाला परत घेण्याच्या पत्रावर त्यालाच सही करायला लावली. पेन दोनदा खाली ठेवलं त्यानं. मी डोळे भरून पाहिलं. पुन्हा वहिनी म्हणाला नाही.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "काय गो, हा गप्प का?"

सांगू नको, असं तो डोळ्यांनी विनवत होता. मी सगळं सांगितलं. सावकाश, त्याला वाढता वाढता.